बंद खोलीतला विंडोज एक्सपी : जुन्या मराठी फाइली उघडताना जागे होणारे व्हायरस

१/ बारामती तालुक्यातील लोणी भापकर येथे मल्लिकार्जुनाचे जुने दगडी मंदिर आहे. त्याच्यालगत पुष्करणी आहे आणि यज्ञवराहाची मूर्ती आहे. शतके लोटली, तरी ती मूर्ती पाहण्यासाठी डोळ्यांखेरीज दुसरे साधन लागत नाही. आता कल्पना करावी, की अशाच एखाद्या गावाच्या इतिहासाची पुस्तिका १९९८ साली तालुक्याच्या डीटीपी केंद्रात जुळवली गेली, छापील प्रती संपल्या आणि उरली ती फक्त एक फ्लॉपी. ही पुस्तिका वाचायला चार गोष्टी लागतात : फ्लॉपी वाचणारे यंत्र, त्या काळची ऑपरेटिंग सिस्टीम, पाने मांडणारे सॉफ्टवेअर आणि नेमका तोच फॉन्ट.

२/ अलीकडच्या इतिहासाची साधने गोळा करणाऱ्या तरुण अभ्यासकांपुढे हा पेच वारंवार येतो. उपायही बहुतेकांना ठाऊक असतो : नव्या संगणकात ‘व्हर्च्युअल मशीन’ तयार करायचे, त्यात विंडोज ९८ किंवा विंडोज एक्सपी बसवायचे आणि फाइल उघडायची. मात्र जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर तिचे जुने रोगही जागे होतात. ते रोग कोणते, ते बंद खोलीतून बाहेर कसे पडतात आणि ती वाट कोण उघडून देतो, याचा हा इतिहास.

३/ आरंभ पुण्यापासून करावा लागतो. भारतीय लिप्या संगणकावर आणणारे ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत आकाराला आले. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि पुढे हे काम तेथे वाढले. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही सांकेतिक प्रणाली ठरली. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने तिला मानकाचे रूप दिले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच पायावर उभी होती.

४/ मानक होते, पण बाजार वेगळ्या वाटेने गेला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्री-लिपी’, सी-डॅकचे ‘आयएसएम’ यांसारख्या पॅकेजांवर छपाईची दुनिया उभी राहिली. त्या काळच्या प्रचलित फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत : कुठे काना, कुठे वेलांटी, कुठे अर्धा ‘त’. फाइलमध्ये साठत असे ते फक्त त्या रोमन जागांचे क्रमांक. फॉन्ट नाहीसा झाला, की ‘शके’ आणि ‘सनद’ यांच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. मोडी कागद वाचायला मोडी जाणणारा माणूस लागतो. येथे माणूस असूनही भागत नाही, यंत्रच लागते.

५/ पाने जुळवण्यासाठी बहुधा पेजमेकर असे. अल्डस कंपनीने ते १९८५ साली आणले, १९९४ साली ते अॅडोबीकडे गेले आणि २००१ सालची ७.० ही त्याची अखेरची मोठी आवृत्ती ठरली. काही लिपी-पॅकेजांना ‘डोंगल’ही लागे. प्रिंटरच्या किंवा यूएसबीच्या पोर्टला लावायचे हे छोटे कुलूप नसेल, तर सॉफ्टवेअर चालतच नसे. स्मरणिका, कुलवृत्तांत, यात्रेच्या कार्यक्रमपत्रिका, सहकारी संस्थांचे अहवाल, गौरवग्रंथ असे कितीतरी मराठी लेखन या साखळीतून गेले आहे. साखळीतील एक कडी तुटली, तरी मजकूर मुका होतो.

६/ व्हर्च्युअल मशीनची कल्पना मात्र पेजमेकरहून पुष्कळ जुनी आहे. १९६० च्या दशकात आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील केंद्रात ‘सीपी-४०’ ही प्रणाली तयार झाली. एकाच महागड्या यंत्रावर अनेकांना काम करता यावे आणि प्रत्येकाला आपल्यापुढे स्वतंत्र संगणक आहे असे वाटावे, हा तिचा हेतू. १९७२ साली आयबीएमने ‘व्हीएम/३७०’ जाहीर केली आणि ही युक्ती प्रयोगशाळेबाहेर रुळली.

७/ घरगुती संगणकावर ती १९९९ साली व्हीएमवेअरच्या ‘वर्कस्टेशन’मधून आली. २००३ साली फाब्रिस बेलार यांचे ‘क्यूईएमयू’ आले आणि २००७ साली सर्वांना मोफत वापरता येणारे ‘व्हर्च्युअलबॉक्स’. यांच्या परिभाषेत खऱ्या संगणकाला यजमान म्हणतात आणि आत चालणाऱ्या प्रणालीला पाहुणा. पाहुण्याला दिसणारी हार्ड डिस्क ही वास्तविक यजमानाकडची एक मोठी फाइल असते. त्याचे नेटवर्क कार्ड, फ्लॉपी ड्राइव्ह, पडदा हा सारा सॉफ्टवेअरने रचलेला देखावा. पाहुण्याला ते ठाऊक नसते आणि त्याच्या अंगातल्या व्हायरसलाही बहुधा नसते.

८/ जुनी प्रणाली नव्या यंत्रात पाहुणी ठेवण्याला खुद्द मायक्रोसॉफ्टने राजमान्यता दिली. २००९ साली विंडोज ७ च्या व्यावसायिक आवृत्त्यांसाठी ‘एक्सपी मोड’ मिळू लागला : विंडोज ७ च्या आत एक पूर्ण विंडोज एक्सपी. जुनी सॉफ्टवेअरे चालावीत म्हणून ही सोय होती. सोयीसाठी यजमानाचे ड्राइव्ह पाहुण्याला आपोआप दिसत. आतल्या एक्सपीला स्वतःचा अँटीव्हायरस मात्र नसे. तो वेगळा बसवावा लागे. बाहेरचा पहारेकरी आतल्या खोलीत फिरत नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नसे.

९/ ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीचा आधार थांबला. विंडोज ९८ चा त्याआधीच, ११ जुलै २००६ रोजी थांबला होता. आधार थांबणे म्हणजे प्रणाली बंद पडणे नव्हे. त्या दिवसानंतर सापडणाऱ्या भेगा बुजवल्या जात नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय पुढच्या आवृत्तीसाठी जेव्हा दुरुस्ती निघते, तेव्हा ती पाहून मूळ भेग कोठे होती हे जाणकार ओळखतो आणि तीच भेग जुन्या आवृत्तीत उघडी असेल, तर हल्लेखोराचे काम सोपे होते.

१०/ आता रोगांचा इतिहास. आयबीएम-सुसंगत संगणकांवरचा पहिला व्हायरस म्हणून ‘ब्रेन’ ओळखला जातो. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारुक अल्वी या भावांनी तो लिहिला. तो फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात, म्हणजे बूट सेक्टरमध्ये राही. इंटरनेटशिवायही तो देशोदेशी पोहोचला, कारण त्या काळी फ्लॉपी हेच दळणवळण होते. एका केंद्रातून दुसऱ्या छापखान्यात जाणारी प्रत्येक फ्लॉपी मजकुराबरोबर आणखी काही नेऊ शकत होती.

११/ महाराष्ट्रात या साथीतून एक उद्योग जन्मला. पुण्यात कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे संगणकशास्त्र शिकणारे बंधू संजय यांच्यासमोर १९९० च्या दशकात दुरुस्तीला येणारी व्हायरसग्रस्त यंत्रे येऊ लागली. ती स्वच्छ करण्यासाठी संजय यांनी प्रोग्रॅम लिहिले आणि त्यांतूनच ‘क्विक हील’ हा अँटीव्हायरस उभा राहिला. इतिहासाच्या दृष्टीने ही खूण महत्त्वाची आहे. ज्या दशकात मराठी मजकूर संगणकावर जुळवला जात होता, त्याच दशकात व्हायरस हटवणे हा पुण्यात पूर्ण वेळचा धंदा होऊ शकला. त्या काळच्या फ्लॉपीला निरोगी मानून चालत नाही.

१२/ विंडोज ९५ आणि ९८ च्या काळातील भयंकर नाव म्हणजे ‘सीआयएच’. तैवानच्या चेन इंग-हाऊ याने १९९८ साली तो लिहिला. २६ एप्रिल १९९९ रोजी तो मोठ्या प्रमाणावर जागा झाला. तो हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग पुसत असे आणि काही यंत्रांत बायोसची चिपही खराब करत असे. मग संगणक सुरूच होत नसे. चेर्नोबिलच्या दुर्घटनेची तारीखही हीच, म्हणून त्याला ‘चेर्नोबिल’ असेही नाव पडले.

१३/ व्हर्च्युअल मशीनची खरी उपयुक्तता येथे दिसते. जुन्या सीडीवरचा सीआयएच आतल्या विंडोज ९८ मध्ये जागा झाला, तर तो देखाव्याची डिस्क पुसेल आणि देखाव्याच्या बायोसवर हात मारील. खऱ्या चिपपर्यंत तो पोहोचत नाही. एनटी वंशाच्या विंडोजवर, म्हणजे एक्सपी आणि त्यापुढील आवृत्त्यांवर, त्याची युक्तीच चालत नाही. जुन्या व्हायरसांपैकी पुष्कळ असेच आपल्या काळात अडकलेले आहेत. पण सगळेच नाहीत, आणि घात होतो तो या ‘सगळेच नाहीत’ मध्ये.

१४/ उदाहरणार्थ, १९९५ साली आलेला ‘कॉन्सेप्ट’ आणि १९९९ सालचा ‘मेलिसा’ हे वर्डच्या दस्तऐवजातील मॅक्रोंमध्ये राहणारे व्हायरस. त्यांचे घर प्रोग्रॅममध्ये नसून मजकुराच्या फाइलमध्येच असते. फाइल जेथे जाईल तेथे ते जातात. नव्या वर्डमध्ये मॅक्रो सहसा बंद असतात, म्हणून बहुधा निजून राहतात. ‘सॅलिटी’ हा २००३ च्या सुमाराचा दुसरा प्रकार. तो प्रोग्रॅमच्या फाइलींना चिकटतो, पेनड्राइव्हवरून आणि नेटवर्कवरील सामायिक फोल्डरांतून पसरतो आणि विंडोजच्या पुढच्या आवृत्त्यांतही त्याला जगता आले. आतून बाहेर आणलेल्या फाइलींत एखादी .ईएक्सई असेल, तर ती संशयितच धरावी.

१५/ एक्सपीच्या काळात रोगाचे वाहन बदलले. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ आणि २००४ च्या एप्रिल-मे महिन्यांत ‘सॅसर’ हे वर्म आले. त्यांना फ्लॉपी नको होती, कोणी फाइल उघडायलाही नको होती. नेटवर्कवर दुरुस्त्या न बसवलेले यंत्र दिसले, की ते स्वतःच आत शिरत. सॅन्स संस्थेच्या इंटरनेट निरीक्षण केंद्राने २००४ साली दुरुस्त्या नसलेल्या विंडोज यंत्राचा इंटरनेटवरील टिकाव सरासरी सुमारे २० मिनिटे असल्याचे नोंदवले होते. दुरुस्त्या उतरवून घेण्यासही अनेकदा त्याहून अधिक वेळ लागे.

१६/ नोव्हेंबर २००८ मध्ये ‘कॉन्फिकर’ आला. ज्या भेगेतून तो शिरत होता, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने महिनाभर आधी, २३ ऑक्टोबर रोजीच दिली होती. ती न बसवलेली यंत्रे त्याच्या हाती लागली. पुढील आवृत्तीत तो पेनड्राइव्हवरूनही चढू लागला, कारण जुन्या विंडोजमध्ये पेनड्राइव्ह लावताच त्यावरील ‘ऑटोरन’ची आज्ञा पाळली जात असे. व्हर्च्युअल मशीनमधील एक्सपीला खरा पेनड्राइव्ह जोडून देणारा अभ्यासक हीच जुनी सवय पुन्हा जिवंत करतो, आणि नंतर तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावतो.

१७/ १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा हा वर्म. मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून आधार संपलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. लोकांच्या स्मरणात वॉनाक्राय म्हणजे एक्सपीचा रोग असा समज राहिला, परंतु नंतरच्या पाहणीत बाधित यंत्रांत बहुसंख्य विंडोज ७ निघाली. एक्सपी अनेकदा निळा पडदा दाखवून कोसळत असे. विंडोज ७ चा आधार तेव्हा चालू होता आणि मार्चमध्ये त्याची दुरुस्तीही आली होती. धोका प्रणालीच्या वयाइतकाच न बसवलेल्या दुरुस्तीत असतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवलेल्या जुन्या प्रणालीत या दोन्ही गोष्टी एकत्र येतात.

१८/ त्यानंतर सहाच आठवड्यांनी संकट महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उतरले. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील ‘एम.ई.डॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून ‘नॉटपेट्या’ सुटला. त्याने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या एपीएम टर्मिनल्सकडून चालवले जाणारे टर्मिनल विस्कळीत झाले. संगणकावरचे काम हातांवर आणावे लागले, कंटेनरची वाहतूक खोळंबली. मर्स्कने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितले. १० दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले.

१९/ न्हावा-शेव्याच्या घटनेतील धडा असा : नॉटपेट्या एकाच किल्लीवर अवलंबून नव्हता. एखाद्या यंत्रात तो शिरला, की त्याच्या स्मृतीतून पासवर्ड काढी आणि त्यांच्या बळावर शेजारच्या, दुरुस्त्या पूर्ण बसवलेल्या यंत्रांतही शिरे. एक दुबळा बुरूज पडला, की बाकीच्या मजबूत बुरुजांचा उपयोग उरत नाही, हे गडकोटांच्या अभ्यासकांना सांगावे लागत नाही. ग्रंथालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या नेटवर्कवर जोडलेले एक्सपीचे व्हर्च्युअल मशीन हा असाच दुबळा बुरूज ठरू शकतो.

२०/ म्हणून व्हर्च्युअल मशीनच्या नेटवर्कचे प्रकार समजून घ्यावेत. ‘ब्रिज्ड’ प्रकारात पाहुणा घरच्या किंवा कार्यालयाच्या नेटवर्कवर स्वतंत्र यंत्र म्हणून उभा राहतो. शेजारी त्याला पाहतात आणि तो शेजाऱ्यांना. ‘नॅट’ प्रकारात तो यजमानाच्या आडोशाला असतो; बाहेरून आपणहून येणारे हल्ले बरेचसे अडतात, पण तो स्वतः बाहेर जाऊ शकतो आणि जुन्या ब्राउझरने एखादे दूषित पान उघडले, की आडोसा निरुपयोगी. तिसरा प्रकार म्हणजे नेटवर्क कार्डच काढून टाकणे. २००१ सालच्या पेजमेकरची फाइल उघडायला इंटरनेट लागत नाही, तेव्हा हाच प्रकार योग्य.

२१/ यापुढील प्रसंग या इतिहासातील सर्वांत बोधप्रद आहे. मे २०२० मध्ये सोफोस या सुरक्षा कंपनीने ‘रॅग्नार लॉकर’ टोळीची पद्धत उघड केली. या टोळीने बळीच्या संगणकावर खंडणीचा प्रोग्रॅम थेट चालवलाच नाही. आधी त्यांनी तेथे २००९ सालचे जुने व्हर्च्युअलबॉक्स बसवले. त्यात विंडोज एक्सपीची छाटून लहान केलेली आवृत्ती ठेवली आणि खंडणीचा प्रोग्रॅम त्या एक्सपीच्या आत चालवला. स्थापनेची फाइल १२२ एमबीची होती. तिच्यात दडलेला मूळ घातक प्रोग्रॅम अवघा ४९ केबीचा.

२२/ आत बंद असलेल्या एक्सपीने बाहेरच्या फाइली कुलूपबंद कशा केल्या? ‘शेअर्ड फोल्डर’च्या वाटेने. टोळीच्या आज्ञावलीने यजमानाचे सारे ड्राइव्ह आणि जोडलेले नेटवर्कचे ड्राइव्ह पाहुण्याला सामायिक करून दिले. मग आतला प्रोग्रॅम त्या फाइली एकेक करून कुलूपबंद करत गेला. बाहेरच्या अँटीव्हायरसला दिसत होते ते एवढेच, की व्हर्च्युअलबॉक्स हे विश्वासू सॉफ्टवेअर फाइलींत बदल करत आहे. कोणतीही भिंत फोडली गेली नाही. जे दार सोयीसाठी असते, तेच सताड उघडले गेले.

२३/ अभ्यासकाने हा प्रसंग उलट्या बाजूने वाचावा. टोळीने जे मुद्दाम केले, तेच अनेक जण नकळत करतात. जुनी फाइल आत नेण्याची घाई असते, म्हणून यजमानाचे संपूर्ण ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर वाचन आणि लेखन अशा दोन्ही अधिकारांसह एक्सपीला दिले जाते. त्यात गेल्या ५ वर्षांचे टिपण असते, गडकिल्ल्यांची छायाचित्रे असतात, स्कॅन केलेली कागदपत्रे असतात. आतला एखादा जुना फाइल-व्हायरस किंवा कुलूप लावणारा प्रोग्रॅम या फोल्डरशी खऱ्या संगणकावर वागावे तसाच वागतो, कारण त्या फोल्डरापुरती भिंत उरलेलीच नसते.

२४/ मग भिंत स्वतः कधी फुटते का? फुटते, पण क्वचित. मे २०१५ मध्ये क्राउडस्ट्राइकचे जेसन गेफनर यांनी ‘व्हेनम’ नावाची भेग जाहीर केली. ती क्यूईएमयूमधील फ्लॉपी ड्राइव्हचा देखावा रचणाऱ्या भागात होती आणि तो भाग २००४ पासून तसाच होता. झेन, केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्स यांतही त्याच वंशाचा भाग असल्याने तीही बाधित ठरली. जगाने विसरलेल्या फ्लॉपीच्या नावाने ठेवलेली खिडकी ११ वर्षे कोणी तपासली नव्हती. तिचा प्रत्यक्ष गैरवापर झाल्याचे मात्र त्या वेळी आढळले नव्हते.

२५/ ४ मार्च २०२५ रोजी व्हीएमवेअरच्या उत्पादनांतील तीन भेगांच्या दुरुस्त्या जाहीर झाल्या. त्यांचा प्रत्यक्ष हल्ल्यांत वापर होत असल्याची माहिती कंपनीनेच दिली. उलट दिशेचेही उदाहरण आहे. २०१२ साली आढळलेला ‘क्रायसिस’ हा घातक प्रोग्रॅम यजमान विंडोजवर व्हीएमवेअरच्या डिस्क-फाइली शोधून त्यांत स्वतःची प्रत ठेवत असे. पाहुण्याची हार्ड डिस्क ही शेवटी यजमानाकडची एक फाइल आहे, हे त्याच्या लेखकाला पक्के ठाऊक होते. म्हणून जुन्या प्रणालीबरोबर व्हर्च्युअल मशीनचे सॉफ्टवेअरही जुने ठेवणे हा दुहेरी धोका. आतली प्रणाली १९९८ ची असो, बाहेरची भिंत आजची हवी.

२६/ आणखी एक वाट आरंभीच उघडते. एक्सपीची मूळ सीडी हाती नसते, म्हणून अनोळखी ठिकाणाहून ‘तयार एक्सपी’ची प्रतिमा-फाइल उतरवली जाते. लिपी-पॅकेजचे डोंगल हरवलेले असते, म्हणून ‘क्रॅक’ शोधला जातो. या दोन्हींत कोणी काय मिसळले आहे हे कळत नाही. क्रॅक चालवताना अँटीव्हायरस बंद करा, अशी सूचना बरोबर असेल, तर ती सूचनाच पुरेशी बोलकी समजावी. डोंगल प्रिंटर-पोर्टचे असेल, तर व्हर्च्युअल मशीनमध्ये ते चालवणे अवघड असते. तेव्हा नेटवर्कपासून तोडलेला त्या काळचा खरा संगणकच उपयोगी पडतो.

२७/ कित्येकदा जुनी प्रणाली जागी करण्याची गरजच नसते, हे आधी तपासावे. जुना ट्रूटाइप फॉन्ट हाती असेल, तर तो नव्या संगणकात बसवताच वर्डमधील जुना मजकूर बहुधा वाचता येतो. २०१५ पासून लिब्रेऑफिस पेजमेकरच्या फाइली उघडू शकते. मांडणी थोडी विस्कटली, तरी मजकूर हाती लागतो. परिचित फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्ये आणणारे रूपांतरकही मिळतात. या मार्गांनी काम झाले, तर एक्सपीला झोपू द्यावे.

२८/ जागे करावेच लागले, तर क्रम असा असावा. प्रथम फ्लॉपीची खिटी सरकवून तिच्यावरील लेखन बंद करावे. साडेतीन इंची फ्लॉपीत त्या बाजूचे भोक उघडे दिसले, की ती सुरक्षित. मग तिची संपूर्ण प्रतिमा-फाइल करून मूळ फ्लॉपी बाजूला ठेवावी. प्रतिमा-फाइलीची ‘हॅश’ संख्या टिपून ठेवावी. पुढे एक अक्षर जरी बदलले, तरी ती संख्या बदलते आणि अभ्यासकाला मूळ प्रत शाबूत असल्याचा पुरावा मिळतो. प्रतिमेतील फाइली आजच्या अद्ययावत अँटीव्हायरसने यजमानावरच तपासाव्यात.

२९/ पाहुण्याचे नेटवर्क कार्ड, शेअर्ड फोल्डर, सामायिक क्लिपबोर्ड आणि यूएसबी हे चारही बंद ठेवावेत; डोंगल लागत असेल, तर तेवढेच एक यंत्र जोडावे. स्वच्छ स्थितीचा ‘स्नॅपशॉट’ घ्यावा. फाइली आत न्यायच्या त्या फक्त वाचता येणाऱ्या सीडी-प्रतिमेतून. आत फाइल उघडून तिचे पीडीएफ किंवा पोस्टस्क्रिप्ट करावे आणि ते एका छोट्या, दुसऱ्या व्हर्च्युअल डिस्कवर ठेवावे. पाहुणा पूर्ण बंद झाल्यावर ती डिस्क वेगळ्या लिनक्स मशीनला जोडून फक्त हवी ती फाइल काढावी. शेवटी स्नॅपशॉटकडे परतावे, म्हणजे आत जे काही जागे झाले असेल ते पुसले जाते.

३०/ या सावधगिरीत दोन गोष्टी वाचतात. पहिली, अभ्यासकाचा आजचा संग्रह. दुसरी, ती जुनी फ्लॉपी. विषाणूच्या भीतीने तिला कचऱ्यात टाकणे सोपे असते आणि अनेक केंद्रे बंद होताना तसे झालेही असेल. गावाचा इतिहास सांगणारा एखादा उतारा त्यातूनच पुसला जातो आणि त्याची कोठे नोंदही राहत नाही. व्हायरस असलेली फ्लॉपीसुद्धा साधनच आहे. तिच्यातील मजकूर वेगळा काढता येतो.

३१/ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही थांबला. आज ज्या संगणकांवर गावोगावच्या यात्रांचे, मंदिरांचे आणि घराण्यांचे लेखन चालले आहे, त्यांपैकी अनेक आता जुन्यांच्या रांगेत गेले आहेत. तेव्हा युनिकोडमध्ये लिहावे, मांडणीच्या मूळ फाइलीबरोबर साध्या मजकुराची आणि पीडीएफची प्रतही ठेवावी आणि वापरलेल्या फॉन्टचे नाव फाइलीतच नोंदवावे. पुढच्या पिढीतील अभ्यासकाला मग आपल्या काळाचा मजकूर वाचण्यासाठी आपल्या काळाचे व्हायरस जागे करावे लागणार नाहीत.

(धागा समाप्त)